अमावास्येचा खाडा

शांत जमिनीचा मला फार राग यायचा. आमच्या विषयातली जाणती मंडळी सांगायची की भूकंप व्हायचे ते भूपट्टांच्या कडांवर, हिमालयाच्या पायथ्याशी, जिथे दोन पट्ट एकमेकांना रेटत असतात तिथे. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे म्हातारा, थंड, हातपाय न हलवणारा. कोयनेच्या भूकंपाने या मंडळींचे दात घशात घातले होते, तरी नाशिककडे बघायला कुणी तयार नव्हतं. मी हट्टी होते. पिंपळगाव बसवंतच्या पुढे जमिनीच्या पोटात एक जुनी भेग आहे, आमच्या भाषेत भ्रंश, आणि ती अजून जिवंत आहे, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पुरावा तेवढा मिळायचा होता. तो मिळाला नाही तर विद्यापीठातलं माझं संशोधन तिथेच संपणार होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मला भूकंपमापक मिळालं ते एकच, आणि त्याला हायवेच्या ट्रकांपासून लांबची जागा हवी होती. आतल्या एका गावात एका विधवा बाईंनी आपला रिकामा गोठा दिला. मी त्यांना काकू म्हणायचे. यंत्राचा ढोल सावकाश फिरायचा. त्यावर रॉकेलच्या धुरावर धरून काळा केलेला कागद असायचा, आणि त्या काजळीवर एक सुई पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ थरथरायची. रोज सकाळी नाशिकहून एसटीने जायचं, जुना कागद काढायचा, त्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पातळ रोगण फिरवून काजळी पक्की करायची, नवा कागद चढवायचा आणि परत फिरायचं. रॉकेलचा वास काकूंना अजिबात खपत नसे. "म्हशी होत्या तवा बरं व्हतं," त्या म्हणायच्या, "त्या दूध तरी द्यायच्या."

आणि कागदावर थरथर उमटत होती! आठवडाभरात कितीतरी. एसटीत मला बसवत नसे. सीट रिकामी असली तरी मी दाराशी उभी, जणू मी उभी राहिल्याने बस लवकर पोचणार होती. रात्री डोळा लागेना, जेवताना लक्ष नसे. आई म्हणायची, हिच्या अंगात वारं शिरलंय. सरांना कागद दाखवले तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीतून पुढे झुकले. चालू द्या म्हणाले.

काकूंच्या बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या दिराचं घर होतं. त्या वर्षांत जो तो द्राक्षाच्या मागे लागला होता, आणि द्राक्षाला पाणी हवं, म्हणून हाही विहीर खोदत होता. पाषाण लागला की सुरुंग. सुरुंगानेही जमीन हादरते, म्हणून त्याच्या सुरुंगाची वेळ तो मला न चुकता सांगायचा आणि ती थरथर मी हिशेबातून वगळायचे. माणूस सरळ होता. पण एका अमावास्येला भर दुपारी जमीन दणकली, काकूंची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली, आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर काकू दारातच उभ्या. "अमावास्येला सुरुंग लावला मेल्यानं! मुद्दाम. माझं वाटोळं व्हावं म्हनून."

दीर बांधावर वाट बघत होता. "ताई, अमावास्येला माझी मानसं कामावर नव्हती. तुमी भूकंपाच्या शिकलेल्या. सांगा तिला, भूकंप व्हता म्हनून."

मी लगेच सांगितलं. मला तर ते हवंच होतं. काकूंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुला भूकंपच पायजेत, पोरी. तुला पानी पिताना ठसका लागला तरी तू भूकंप म्हनशील."

हे मला इतकं झोंबलं की परतताना माझा थांबा मागे गेला तरी मी बसमध्येच बसून राहिले. अडाणी बाई, मी मनात म्हणत होते. पण वाक्य काही पाठ सोडेना.

दोनेक महिने असेच गेले. भिंत तशीच, अबोला तसाच, आणि माझे भूकंप वाढतच होते. मग एका सकाळी पिंपळगावला बस बदलायला उतरले तर बाजारात शुकशुकाट. कांद्याचा एक ट्रॅक्टर नाही. टेम्पो रिकामे उभे, आणि हमाल सावलीत पत्ते कुटत बसलेले. कुणी मेलं का, मी चहावाल्याला विचारलं. "आज अमावास्या ना," तो म्हणाला. "लिलाव बंद. आज कोन कामाला हात लावतंय?"

चहा मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात पोचताच मी कागद काढला. अमावास्येची रेघ सरळ होती. गुळगुळीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. गोठ्यातल्या पेटीतून मागच्या अमावास्येचा कागद काढला. सरळ. भिंत तडकली ती सोडून त्याच्या आधीच्या काढल्या, त्याही सरळ. बाकी रोज थरथर, तीही दिवस मावळायच्या सुमाराला, मजूर विहिरीतून वर आले की. म्हणजे माझे भूकंप हमालांसारखे अमावास्येला खाडा धरत होते! दिराचे सुरुंग मी वगळले होते, पण आसपासच्या गावोगाव लोक विहिरी फोडत होते, आणि त्या सगळ्यांचे सुरुंग मी भूकंप म्हणून मिरवत होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. भ्रंश नव्हता. काही नव्हतं. मी गोठ्याच्या दारातून आत, आतून दारात अशा येरझाऱ्या घालत राहिले.

एकच कागद उरला होता, भिंत तडकली त्या अमावास्येचा. सुरुंग फुटला की जमीन चहूकडे बाहेर ढकलली जाते, आणि माझ्या यंत्रात सुई आधी वरच जाते. रोजच्या कागदांवर ती वरच गेलेली होती. इथे सुई आधी खाली गेली होती. आणि मागून आली होती एक संथ, रुंद, जोरकस लाट, सुरुंगाला कधी जमत नाही अशी. खडक खडकावर सरकला होता, आमच्या अगदी पायाखाली. खरा भूकंप, माझा एकुलता एक! मी आनंदाने ओरडलेच. मग लक्षात आलं की एका भूकंपावर भ्रंशाची रेघ आखता येत नाही. प्रबंध बुडाला तो बुडालाच.

काकू अंगणात लसूण सोलत होत्या. त्यांना सांगायलाच हवं होतं. आधी सांगितलं की माझे सगळे भूकंप म्हणजे सुरुंग निघाले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मी काय म्हनत व्हते?"

"पण तुमची भिंत सुरुंगाने नाही तडकली, काकू. तो एक मात्र खरा होता."

लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"कुठून आला?"

"इथूनच. खालून."

"परत यील का?"

एवढ्या वर्षांच्या शिक्षणाने मला या एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग तुझं यंत्र ऱ्हाऊ दे इथं. सांगंल तरी."

"ते आधी सांगत नाही, काकू. होऊन गेल्यावर सांगतं."

त्या माझ्यावर भडकल्या. तसं भडकलेलं मी त्यांना दिरावरही पाहिलं नव्हतं. "मंग कशाला आलीस सांगायला? त्याच्याशी भांडत व्हते ते बरं व्हतं. आता मी भांडू कोनाशी? आन् झोपू कुठं?" डोळ्यांत पाणी होतं. माझं सगळं शास्त्र त्या क्षणी मला फुकट वाटलं. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि तरातरा बांधाकडे गेल्या. मी मागे.

"भावजी!" त्यांनी हाक मारली. "पोरांना आत निजवू नका. जमीन खरंच हालली व्हती. ही पोरगी सांगती."

दीर विहिरीच्या कडेला पहार घेऊन उभा होता. मला वाटलं, आता तो म्हणणार, मी आधीच सांगितलं होतं. पण तो पहार खाली ठेवून बांध ओलांडून आला. काकूंच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन त्याने तडा पाहिला, आणि माझ्याकडे वळला.

"खरंच भूकंप व्हता, ताई?"

"तुम्हीच तर म्हणत होता."

"म्हनत व्हतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आदल्या दिवशीचा एक सुरुंग माझा उडायचा ऱ्हायला व्हता. मला वाटलं, त्योच उडाला. वयनीला तोंड कसं दावायचं, म्हनून भूकंप म्हनत गेलो."

काकू आत खाटेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "खाट धरा त्या बाजूनं. बाहेर काढायची हाय."