सुरुंगवाल्याचे तळपाय

आमच्या धावड्याच्या शिवारात विहिरीला खडक लागला की एकाच सुरुंगवाल्याला बोलावतात. खडकाच्या छिद्रांत दारू भरताना तो विडीवाल्यांना पार बांधापलीकडे हाकलतो. बोलतो कमी आणि प्रत्येक बोलण्याला शेवटी ‘बराबर?’ जोडतो. वाती पेटवून वर आला की चपला काढतो आणि डोळे मिटून अनवाणी खडकावर उभा राहतो. मला तो देवभोळेपणा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत त्यानं सात सुरुंग लावले. सात धडाके आम्ही सगळ्यांनी मोजले. धुरळा बसताच माझा थोरला भाऊ खाली उतरायला निघाला, तर हा आडवा आला.

“एक उडायचा राह्यला हाय.”

“अहो, सात ऐकले आम्ही!”

“सातवा त्या डोंगरातून आलेला पडसाद व्हता. कान फसतेत दादा, तळपाय फसत न्हाईत. हादरे सहाच बसले. बराबर?”

भाऊ तापला, नको ते बोलला. यानं गुमान दोराची शिडी वर ओढली आणि संध्याकाळी जाताना खांद्यावर टाकून घरीच नेली.

सकाळी तो एकटाच अनवाणी खाली उतरला. बऱ्याच वेळानं वर आला आणि न उडालेल्या सुरुंगाची अर्धवट जळालेली वात भावाच्या हातात ठेवली.

“बराबर?”

भावानं वाकून बांधावरच्या सुरुंगवाल्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या.