मेंथॉलमधलं तिसरं केंद्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा खरा सांगतो.

मी सांगलीत बारावीच्या केमिस्ट्रीचे क्लास घेतो. बावीस वर्षांपूर्वी — नेमकी बावीस — वर्गात सुवर्णा होती. माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. इथं मावशीकडे राहायची. त्या दिवशी मी फळ्यावर मेंथॉलचा रेणू काढला आणि त्यातली कायरल केंद्रं मोजली. ज्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले, ते केंद्र. मी दोन मोजली. षट्कोनी कड्यातला मिथिलवाला कार्बन सोडला. त्याच्या दोन्ही बाजूंना सीएचटू, म्हणजे सारखंच, नाही का?

ती उभी राहिली. "सर, तीन हायत. कड्यातनं पुढं चालत जावा की. एकीकडनं दुसऱ्या पावलाला ओएच लागतंय, दुसरीकडनं न्हाई."

मी काय म्हणालो? "सुवर्णाबाई, तुम्ही मेंढरं मोजा. कार्बन तुमच्यानं व्हायचे नाहीत."

साठ पोरं हसली. मीही हसलो.

दुपारी जेवून पुस्तक उघडलं. तीन. दुसऱ्या दिवशी सांगायला किती वेळ लागला असता — अर्धं मिनिट? मी पुढचा धडा घेतला. महिन्याभरात तिनं क्लास सोडला; का, ते मी विचारलं नाही. पुढच्या बॅचपासून मात्र मी तीन शिकवतो — तिच्याच रीतीनं, कड्यातून पुढं चालत जाऊन. पोरं म्हणतात, सरांची ट्रिक.

गेल्या सोमवारी ती आली. मी ओळखलंच नाही. कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला असते. मुलीचं नाव घालायचं होतं. मुलीसमोरच हसत म्हणाली, "मी लय ढ होते, सर. तुमी तोंडावर सांगितलंत ते बरं झालं. तवाच सायन्स सोडलं, न्हाईतर उगं वर्षं गेली असती."

म्हणजे — तिनं ते खरं मानलं होतं? बावीस वर्षं? तिच्या रागाची तयारी मी मनात कधीची ठेवली होती. आभारांची नव्हती.

"हिला जमंल का वो? माझ्यावर गेली नसली म्हंजी झालं."

मुलगी खाली बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — त्या दोघींनाही.

मी फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणालो, "बघू. प्रयत्न करू."