बोअरमधली निळी आग

कन्हान नदीच्या अलीकडे, खापरखेड्याकडच्या नव्या ले-आउटमध्ये आम्ही घर बांधलं आणि अंगणात बोअर मारला. पाणी लागलं, पण पंप बसवायच्या आधीच पाइपातून गुडगुड आवाज यायला लागला, भात शिजताना येतो तसा.

सकाळी नवरा पाइपावर वाकून पाहत होता. आत अंधार, म्हणून त्याने लायटर पेटवला. भप्पकन आवाज झाला आणि तो मागे उताणा पडला. भुवया जळाल्या होत्या. पाइपाच्या तोंडाशी फिकट निळी ज्योत होती. उन्हात ती धड दिसतही नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती.

"जवळ नको येऊ वं!" तो ओरडला.

पण सासूबाई घरात होत्या. बुद्धाच्या मूर्तीसमोर त्यांची मेणबत्ती जळत होती, शेगडीवर दूध होतं. मी आत धावले, दोन्ही विझवलं, सिलिंडर बंद केला, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. मग भिजवलेलं पोतं पाइपावर टाकलं. ज्योत गेली. गुडगुड चालूच राहिली.

"काय हाय गा या जमिनीत?" सासूबाईंनी लेकाला विचारलं.

"मले काय माहीत, आई?"

आम्ही हिंगण्याला नणंदेकडे गेलो. तिथंही काडी ओढायला माझा हात धजेना.

नवऱ्याने कळवल्यावर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई तपासायला आल्या. म्हणाल्या, "पूर्वी इथं नदीचं पाणी साचायचं. गवत, पाला गाळात गाडला गेला. हवा पोचत नाही तिथले सूक्ष्म जीव तो कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. तो खालच्या वाळूत साठला. वर चिकणमातीचा जाड थर, त्यामुळे अडकून होता. तुमच्या बोअरने वाट दिली."

"म्हणजे आम्ही त्याच्यावरच झोपत होतो?"

"झोपण्यात धोका नव्हता. वायू बंद खोलीत कोंडला असता तर होता."

त्यांच्या सांगण्यावरून छपराहून उंच पाइप लावला, वायू वरच्या वर मोकळ्या हवेत जावा म्हणून. साठा लहान होता. हळूहळू गुडगुड थांबली. बाईंनी यंत्र लावून पाहिलं आणि घरात राहायला हरकत नाही म्हणाल्या. आम्ही परतलो.

"आता काहून घाबरून राहिली वं?" नवरा विचारायचा. मी काडी ओढायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडायची.

समोरच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली, तेव्हा मी अनवाणीच धावत गेले आणि मशीनसमोर उभी राहिले. तपासणी झाल्याशिवाय हलले नाही.