पेज फाइल आणि खाडीकडची शेते

१९९८ सालच्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास भिवंडीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या कार्यालयातला संगणक अडकला. तो बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा अंजूर गावच्या खाडीकडच्या शेतांची नावे त्यात नव्हती. ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती.

नावे सांगणारे गृहस्थ आमच्या ऑपरेटरचे वडील होते. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पूर्वी गावकीचे काम त्यांच्या घराकडे होते. मोजणीला सरकारी माणूस आला की बांध दाखवायला, बांधावरून भांडण झाले की साक्षीला त्यांनाच बोलावणे येई. धर्मांतरानंतर घराने ते काम सोडले. नावे त्यांच्या डोक्यात राहिली. सात-बाराच्या उताऱ्यावर शेताला नंबर असतो. अंजूरला प्रत्येक तुकड्याला नावही होते: लांबोटी, घोडेबुडी, सासूचे खाचर. गोदामांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या तशी ही नावे घेणारी माणसे कमी झाली. सगळ्या गावाची नावे सांगू शकेल असा दुसरा कोणी आम्हाला सापडला नाही.

मुलाला या नावांची पुस्तिका छापायची होती. मुखपृष्ठावर वडिलांचे पूर्ण नाव येणार होते. वडील आयुष्यभर अंगठा उठवत आले होते. मुलगा तेव्हा पन्नाशीला आलेला. मी त्याला दादा म्हणत असे. तो मला साहेब म्हणे, त्यात थोडी थट्टा असे. वीस वर्षे त्याने एका छापखान्यात छपाईचे शिशाचे खिळे जुळवले होते. तो छापखाना बंद पडल्यावर तो आमच्याकडे संगणकावर मजकूर लावू लागला. मालकांनी रविवारी मशीन वापरायची परवानगी दिली. मुद्रिते मी तपासायची, असे ठरले.

पहिल्या तीन रविवारी गावठाणाची, रस्त्याकडची आणि डोंगराकडची नावे झाली. ती कागदावर छापून घेतली. चौथ्या रविवारी खाडीची बाजू होती. तिची नावे थेट नकाशावर, ज्या त्या जागी बसवायची होती. नकाशा वडिलांच्या सांगण्यावरून मुलाने पेन्सिलने काढला होता आणि आम्हाला तो चार तुकड्यांत स्कॅन करायचा होता. छपाई स्वच्छ यावी म्हणून स्कॅन मोठा ठेवा, असे मीच सांगितले होते.

शनिवारी अंक छपाईला गेल्यावर लक्षात आले की डिस्कवर नकाशापुरती जागा नाही.

"काय उडवायचं?" दादाने विचारले.

"एक फाइल उगाच बसलीय," मी म्हणालो.

संगणकाची मेमरी भरली की त्या क्षणी न लागणारा भाग तो डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. तिला पेज फाइल किंवा स्वॅप फाइल म्हणत. आमच्या मशीनची मेमरी महिन्यापूर्वीच सोळावरून चौसष्ट एमबी झाली होती. एवढी मेमरी असल्यावर त्या फाइलची गरज नाही, असे मी संगणकावरच्या एका मासिकात वाचले होते.

"म्हणजे आपली गॅली ठेवायची फळी," दादा म्हणाला.

"तशीच. पण आता मेमरी चौपट झाली. फळी कशाला?"

"साहेब, खिळे कितीही आणा, जुळवलेला मजकूर ठेवायला फळी लागते. का तुम्ही उभे राहणार हातात धरून?"

"राहतो की."

तो हसला. मी सेटिंग उघडून फाइल बंद केली. असे करणे योग्य नाही, तरी करायचे का, असे संगणकाने विचारले. मी होय म्हटले, आणि जागा झाल्यावर आम्ही नकाशा स्कॅन करून सेव्ह केला.

रविवारी दहा वाजता बापलेक अंजूरहून रिक्षाने आले. वडील खुर्चीवर मांडी घालून बसले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"ह्या डब्यात सगला गाव मावल का रं?"

"मावेल, बा. साहेबांनी जागा केलीय."

"खाडी पन हाय म्हनावं. भरतीचं पानी येल त्याच्यात."

"येऊ दे. साहेब पुसतील."

त्यांची सांगायची एक पद्धत होती. ते यादी सांगत नसत. डोळे मिटून ते मनातल्या मनात गावाच्या शिवेवरून चालायला लागत. हितून खाली उतर, डाव्या हाताला उंबर, त्याच्या म्होरं अमका तुकडा, असे ते चालत जात आणि मुलगा ते नाव नकाशावर त्या जागी बसवी. मध्ये कोणी काही विचारले की ते पुन्हा शिवेपासून सुरुवात करत. म्हणून काम संपेपर्यंत चहासुद्धा नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

मी शेजारच्या खोलीत आधीच्या तीन भागांची मुद्रिते तपासत होतो.

दादाने सकाळपासून फाइल एकदाही सेव्ह केली नव्हती. याची दोन कारणे त्याने नंतर सांगितली. एक म्हणजे नकाशा सेव्ह व्हायला पाच-सहा मिनिटे लागत होती, आणि तेवढा वेळ थांबलो असतो तर बा परत शिवेवर गेला असता. दुसरे कारण त्याच्या जुन्या कामातले होते. शिशात एकदा जुळवलेला आणि दोऱ्याने बांधलेला मजकूर आपण स्वतः मोडेपर्यंत जागेवर राहतो. जुळवला म्हणजे झाला. पडद्यावर दिसते ते अजून कुठेच ठेवलेले नाही, हे त्याला माहीत होते, पण हाताला सवय नव्हती. साप्ताहिकाची पाने लावताना मी शेजारी बसलेला असे आणि अधूनमधून मीच सेव्हची कळ दाबत असे.

तीनच्या सुमारास मेमरी अपुरी असल्याची सूचना पडद्यावर आली. त्याने ती बंद केली. त्यानंतर माउस हलेना. त्याने मला हाक मारली. आम्ही चाळीस मिनिटे वाट पाहिली, मग मशीन बंद केले. परत सुरू केल्यावर फाइल उघडली. शनिवारी स्कॅन केलेला नकाशा तिच्यात होता, नावांशिवाय.

"गेला का सगला?" वडिलांनी विचारले.

"गेला, बा."

"मग पुढल्या आयतवारी परत चालू. खाडी कुठं पलून जाते?"

दोघे रिक्षाने घरी गेले.

सोमवारी मशीन बघायला तंत्रज्ञ आला. त्याने पेज फाइल परत सुरू केली. "मेमरी भरपूर असली तरी ही राहू द्या," तो म्हणाला. "रोज लागणार नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मशीन रडतखडत चालेल, पण चालेल." डिस्कवर जागा हवी असेल तर जुने अंक फ्लॉपीवर काढून ठेवा, असेही त्याने सांगितले. ते काम शनिवारी तासाभरात झाले असते.

गुरुवारी पहाटे वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. ठाण्याच्या एका रुग्णालयात ते सोळा दिवस होते. घरी आणले तेव्हा त्यांना माणसे ओळखू येत होती. बोलता येत नव्हते.

पाच तास तू ती नावे टाइप केलीस, काही आठवते का, असे मी दादाला विचारले.

"साहेब, जुळारी शब्द वाचत नाही, अक्षरं जुळवतो. वाचत बसला की चुका करतो." मग तो म्हणाला, "त्या दिवशी वाचायला पाहिजे होतं."

आम्ही अंजूरला दोनदा गेलो. खाडीच्या बाजूला भाताची आवणी केलेल्या तीन म्हाताऱ्या बायकांनी मिळून पाच नावे सांगितली. कोणते नाव कोणत्या तुकड्याचे, यावर त्यांचे एकमत झाले नाही. ती नावे छापली नाहीत.

पुस्तिका ऑगस्टमध्ये तयार झाली. चोवीस पाने, मुखपृष्ठावर वडिलांचे नाव. मधल्या पानांवरच्या नकाशात तीन बाजूंना नावे होती. खाडीच्या बाजूला नुसते बांध होते.

पहिली प्रत घेऊन आम्ही दोघे गेलो. वडील खाटेवर टेकून बसले होते. मुलाने मुखपृष्ठावरचे नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ते ऐकले. मग त्याने नकाशा उघडून समोर धरला. अक्षरे त्यांना वाचता येत नसली तरी बांध ओळखता येत होते. त्यांनी डाव्या हाताचे बोट खाडीच्या बाजूला, वरून तिसऱ्या तुकड्यावर ठेवले आणि आवाज काढला.

मुलाने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "परत सांग, बा."

त्यांनी परत आवाज काढला. तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. सुनेने येऊन नकाशा मिटला.

नोव्हेंबरमध्ये ते वारले. तो कागद मुलाकडे आहे. त्यावर 'वा' एवढेच लिहिलेले आहे.