काळ्या फ्रॉकमधला बोरन्हाणाचा फोटो

आमच्या धंद्याला एक खोड आहे. गिऱ्हाइकानं सांगितलं नाही तरी आम्ही फोटोत चेहरा उजळ करून देतो. मीही दिलेत, ढिगानं दिलेत. त्यातला एक माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा होता, स्थळांना दाखवायला काढलेला. ती सावळी, चांगली तुकतुकीत सावळी. औरंगपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत बसून मी तिला कॉम्प्युटरवर गोरी केली. स्थळ झटक्यात जमलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "फोटोत तर बरी उजळ होती." पाच वर्षं झाली, ते वाक्य त्या घरात अजून मुरतंय. मला त्याची लाज वाटते, सरळ सांगते.

म्हणून यंदा तिच्या लेकीच्या बोरन्हाणाचा निरोप आला तेव्हाच मी ठरवलं, या पोरीच्या तोंडाला कॉम्प्युटरचा हात लागू द्यायचा नाही. पोर दीड वर्षाची, आईवर गेलेली, रंगानंही. बोरन्हाणात लेकराला काळे कपडे घालायचे, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे, अशी रीत. एरवी सणासुदीला काळं वर्ज्य, संक्रांतीला तेवढा त्याला मान. पण चिकलठाण्याला त्यांच्या फ्लॅटवर पोचले तर पोरगी गुलाबी फ्रॉकमध्ये.

"काळीवर काळं कशापायी?" सासूबाई म्हणाल्या. "फोटोत नुसते दात दिसतील."

बहीण खाली बसून उसाचे तुकडे करत होती. तिनं मान वर केली नाही. मला असा राग आला की विचारू नका. पण भांडायला आले नव्हते. मी पिशवीतून मीच शिवलेला काळा फ्रॉक काढला. शिवण वेडीवाकडी होती, रंग मात्र पक्का काळा.

"मावशी, रीत ती रीत. मोडली तर उद्या लोक तुम्हालाच विचारतील," मी म्हणाले. रीतीचं नाव काढलं की त्यांचं काही चालत नाही, हे मला ठाऊक होतं.

हॉलमध्ये ट्यूबलाइट, फुगे, चमकीच्या झालरी. असल्या सपाट उजेडात सगळी लेकरं एकसारखी दिसतात. फ्रॉक बदलून, हलव्याचे दागिने चढवून मी पोरीला आतल्या खोलीत नेलं. तिथं एकच खिडकी. दिवा बंद केला. मागं लावायचं काळं कापड मी घरीच विसरले होते, एवढी शहाणी मी. खुंटीवर बहिणीच्या सासऱ्यांची घोंगडी होती, पैठणकडं त्यांची मेंढरं होती तेव्हाची. ती मागितली तर सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता मागंबी काळंच?"

"घोंगडी काळीच असते की, मावशी. तिच्यावर तुम्ही देव मांडता."

त्यांनी घोंगडी स्वतः काढून दिली.

खिडकीचा उजेड पोरीच्या डाव्या गालावर आला, उजवा गाल सावलीत गेला, आणि फ्रॉक घोंगडीत मिसळून दिसेनासा झाला. राहिला चेहरा आणि पांढरा हलवा. मी कॅमेऱ्यानं उजेड हलव्यावर मोजला. दाण्यावरचा काटा न् काटा दिसला पाहिजे, पांढरा भडकता कामा नये. तेवढं साधलं की कातडीचा खरा रंग आपोआप येतो. दाराशी उभ्या बायका टाळ्या वाजवून "हस ना गं" करायला लागल्या. त्यांना मी गप केलं. पोरीनं हारातला एक दाणा तोडून तोंडात टाकला आणि भुवया जुळवून खिडकीबाहेर बघत राहिली, आता मला कुणी हात लावू नका अशी. तेवढ्यात मी बटण दाबलं.

सासूबाईंनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. "अर्धं तोंड काळं आलंय. अन् हसतबी नाय. उजळ करून आण. तुला येतंय की, आम्ही बघितलंय."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. अंगाची लाही झाली, पण बाई खोटं बोलत नव्हती.

"व्हय, केलं होतं. चुकले होते," मी म्हणाले. "आता नाय करणार. भिंतीवर लावायचा तर असाच लावा."

बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. मी घरी निघून जाणार, टोमणे तिला ऐकायचे, हे मला कळत होतं. तरी मी हटले नाही.

आठवड्यानं फ्रेम घेऊन गेले. सासूबाई सोफ्यावर होत्या. बहिणीनं फ्रेम दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितली.

"ताई, माझा असा काढला असतास तर हे स्थळ आलंच नसतं." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पोर तिच्या पायाशी खेळत होती. तिच्याकडं बघून म्हणाली, "मग हीपण नसती."

मी फ्रेमवरचा कागद गोळा करून त्याची घडी घातली.

"आतल्या खोलीत लाव गं," सासूबाई म्हणाल्या.

बहिणीनं हॉलमध्ये स्टूल ओढलं. तिथं तिच्या लग्नाचा मोठा फोटो होता, तोही मीच काढलेला, तसाच गोरा केलेला. तिनं तो उतरवला आणि त्याच खिळ्यावर लेकीचा लावला. लग्नाचा फोटो पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा," ती म्हणाली. "माझा रंग होता तसा करून आण."