घासाघीस सटवाची, कमाई साखराबाईची

युसूफ वडगावचा सटवा मेंढरं राखतो, पण पंचक्रोशीत त्याचं नाव आहे ते घासाघिशीसाठी. बाजारात तो येताना दिसला की व्यापारी आधी चहा पिऊन घेतात. पुढं लवकर सुटका नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

लेक सुकन्या नर्सिंगला लागली म्हणून त्यानं आणि बायको साखराबाईनं अंबाजोगाईत दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं. कळपातली निम्मी मेंढरं विकली, वर साखराबाईची बचत घातली. घरमालक विठ्ठलराव लेकाकडं लातूरला निघालेले, घाईत होते. त्यांनी अठरा लाख सांगितले. सटवानं भिंतीवरची ओल दाखवली, गळकी तोटी दाखवली, मधेच दोनदा उठून चपला घातल्या. तेरा लाखांवर सौदा पटला.

छाती फुगवून तो साखराबाईला घेऊन खरेदीखत करायला तेजश्री वकिलीणबाईंकडं गेला. त्यांनी संगणकात पाहिलं.

"मामा, सरकारी दरानं हे घर सतरा लाखांचं होतं. मुद्रांक शुल्क सतरावर भरावं लागेल."

"आन् मी तर तेराच देतोय!"

"दोन्हीतला जास्तीचा आकडा धरतात."

"ज्यानं दर लावला त्यानं वल बघितली का?"

"सरकार वल नाही बघत मामा, गल्ली बघतं."

"मंग त्या सायबाची गाठ घालून द्या. सोळावर आणतो."

तेजश्रीबाई हसल्या. हा दर कुणाशी बोलून उतरत नाही म्हणाल्या. "अजून एक. फरक दहा टक्क्यांच्या वर गेलाय. म्हणून हे वरचे चार लाख आयकरात घर घेणाऱ्याची कमाई धरतात."

सटवा पुढं सरकला. "हातात न आलेली कमाई? काईच कमी होत न्हाई का?"

"बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे."

घरावर स्वतःचं नाव कोरायची फरशीसुद्धा सटवानं बघून ठेवली होती. पण सूट मिळत असताना सोडायची, हे त्याच्या रक्तात नव्हतं. "लिवा हिचं नाव," तो कसाबसा म्हणाला.

साखराबाई इतका वेळ पदर सावरून ऐकत होती. "मंजी ते चार लाख माझी कमाई?"

"कागदावर तुमचीच. बाकी उत्पन्न थोडं आहे, कर बहुतेक लागणार नाही. पण विवरणपत्र भरावं लागेल."

"भरू की!" साखराबाई नवऱ्याकडं वळली. "आवं, घासाघीस तुमी केली, आन् कमाई माझी झाली बगा."

नोंदणीच्या दिवशी नवं लुगडं नेसून तिनं फोटो काढला, अंगठा दिला. सटवानं साक्षीदार म्हणून सही केली. तेरा लाख ऐकून पाठ थोपटणाऱ्यांना तो आता शुल्काचं काही सांगत नाही.

महिन्याभरानं रंगारी आला. "पांढरा मार, स्वस्त पडतो," सटवा म्हणाला.

"मालकिणीनं गुलाबी सांगितलाय," रंगारी म्हणाला, आणि डबा उघडला.