पाण्याचा पेला

“नको गं, घरी जाऊन पिईन,” असं म्हणत त्या पाण्याचा पेला दोन बोटांनी बाजूला सारायच्या. अंधेरीच्या आमच्या शाळेत त्या चौथीच्या वर्गशिक्षिका, मी शेजारच्या वर्गावर. साठ सालानंतरची गोष्ट.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास, त्याला कडी नाही. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. घरी, चाळीत, पहाटे संडासापुढे रांग. आत जाऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी पत्र्याच्या दारावर डबा आपटायचं. “डबा वाजला की माझं सगळं जागच्या जागी थिजतं बघ,” त्या हसून सांगायच्या. मीही हसायचे.

एकदा मधल्या सुट्टीत त्या हळूच म्हणाल्या, “संडासला रक्त जातंय गं. दुखत मात्र काहीच नाही.”

“डॉक्टरांना दाखवा ना, बाई.”

“पुरुष डॉक्टर. त्यांना काय सांगू? थांबतं आपोआप.”

थांबायचं खरं. दोन आठवडे बरे जायचे, मग पुन्हा सुरू. दर खेपेला चेहरा आणखी पांढराफटक; डाग दिसू नयेत म्हणून पातळं मात्र गर्द रंगाची. डॉक्टरांना त्यांनी नुसता अशक्तपणा सांगितला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढलं, कुंथणं वाढलं आणि रक्तही.

शेवटी मी त्यांना ओढतच पार्ल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून त्या रागावल्याच. “आतली मूळव्याध दुखत नाही, म्हणून तुम्ही अंगावर काढता. पाणी प्यायचं नाही, दाबून धरायचं, मग घाईत कुंथायचं. हे रोजचं चालू राहिलं तर रक्त थांबून थांबून येणारच. अंगात रक्त उरलंय कुठे? उद्याच दाखल व्हा.”

बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात घट्ट धरला. “परीक्षा होऊ दे. आणि शाळेत बोलू नकोस हं.”

मी शब्द दिला.

परीक्षेला आठ दिवस होते. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्या दोनदा खाली बसल्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मीच म्हणाले, “ऊन लागलंय त्यांना.” पाचव्या दिवशी त्या फळ्यापाशी कोसळल्या. इस्पितळात रक्त चढवायला घेतलं, पण हृदय पार थकलं होतं. संध्याकाळी त्या गेल्या.

पुढे त्यांची बहीण शाळेतलं कपाट रिकामं करायला आली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गर्द तपकिरी पातळ निघालं.

“हे इथे कशाला ठेवलं होतं हिनं?”

“पावसात भिजलं तर, म्हणून,” मी म्हणाले.